चष्मा आणि तोल

आपल्या मराठीत चष्म्याला एक घरगुती नाव आहे, चाळिशी. वयाची चाळिशी उलटली की नाकावर चाळिशी चढते, इतका तो अर्थ सरळ आहे. चष्मा हा शब्द डोळ्याच्या फारसी नावावरून आला, उपनेत्र हा पंडितांनी घडवला. परंतु चाळिशी हा शब्द लोकांनी केला. डोळा वयाने थकतो आणि काच लावली की अडलेले काम पुन्हा चालू होते, एवढे शहाणपण त्या एका शब्दात भरलेले आहे. एक गोष्ट मात्र त्यात आलेली नाही. नवा चष्मा लावल्यावर पहिले काही दिवस जमीन वर आल्यासारखी वाटते, जिन्याची पायरी फसवते, मान वळवली की भिंती हलतात, आणि एखाद्याला चांगली घेरी येते. ज्याला आधीपासूनच चक्करेचा विकार आहे त्याची तर दुहेरी पंचाईत होते. या घेरीचा इतिहास हा माझा विषय आहे.

मी वैद्य नव्हे. माझे आयुष्य कामगार संघटनेत गेले, आणि जे काही शिकलो ते शाळेपेक्षा वाचनालयात व कारखान्याच्या फाटकाशी अधिक शिकलो. फाटकाशी एक तक्रार मी पुष्कळदा ऐकली आहे. "दादा, चष्मा केला, पण घातला की गरगरतं. म्हणून पेटीत ठेवून दिला." मुकादमाच्या मते हे काम टाळण्याचे ढोंग असते, घरच्यांच्या मते हट्ट असतो, आणि खुद्द त्या माणसाची समजूत अशी होते की, आपल्याला चष्मा मानवतच नाही. या तिन्ही समजुतींना इतिहासाने उत्तर दिलेले आहे. पण ते द्यायला त्याला सहाशे वर्षांहून अधिक काळ लागला. तो इतका का लागला, हेही पाहण्यासारखे आहे.

चष्म्याचा जन्म उत्तर इटलीत तेराव्या शतकाच्या अखेरीस झाला. १३०६ साली जोर्दानो नावाच्या एका धर्मोपदेशकाने फ्लॉरेन्स शहरात प्रवचन करताना सांगितले की, चष्मे करण्याची कला निघून अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. या वाक्यावरून अभ्यासक १२८६ च्या आसपासचे साल धरतात. व्हेनिस शहरात स्फटिकाचे काम करणाऱ्या कारागिरांचा संघ होता. प्राचीन भारतात जिला श्रेणी म्हणत, त्याच जातीची ती संस्था. साधी काच स्फटिक म्हणून विकू नये, अशी ताकीद या संघाच्या १३०० सालच्या नियमांत आहे, आणि तेथे ज्या मालाचा उल्लेख येतो त्यात डोळ्यांसाठी केलेल्या चकत्याही आहेत. चष्म्याच्या इतिहासातील हा अगदी आरंभीचा कागद कारागिरांच्या संघटनेचा आहे, हे मला मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

भारतातही चष्मा फार उशिरा आला असे नाही. विजयनगरच्या राज्यातील व्यासतीर्थ स्वामी १५३९ साली निवर्तले. त्यांच्या चरित्रकाव्यात ते चष्मा लावून वाचत असल्याचा उल्लेख आहे, आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी चष्म्याच्या इतिहासावर लिहिताना तो पुढे आणला. मोठमोठ्या राजवटींचा इतिहास लिहिणारे लोक अशा लहान वस्तूंकडे सहसा वळत नाहीत. गोडे वळले, म्हणून आपल्याला हे ठाऊक आहे.

आता या जुन्या चष्म्यांची ठेवण पाहा. दोन चकत्या एका खिळ्याने जोडलेल्या असत, आणि त्या नाकावर चिमट्याप्रमाणे बसवाव्या लागत किंवा हाताने धराव्या लागत. इटलीतील त्रेव्हिसो गावी तोमासो दा मोदेना या चित्रकाराने १३५२ साली एक भित्तिचित्र काढले. त्यात एक वृद्ध धर्मगुरू असाच चष्मा नाकावर ठेवून लिहीत बसला आहे. तो बसलेला आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या काळचा चष्मा हे बैठकीचे साधन होते. पोथी उघडली की लावायचा, पोथी मिटली की उतरवायचा. शिकारीत वगैरे दूरचे पाहण्यासाठी खोलगट काच डोळ्याशी धरणारे थोडे लोक पुढे निघाले, पण ते अपवादच. चष्मा लावून जिना उतरावा, बाजारात हिंडावे, यंत्राजवळ उभे राहावे, असा प्रसंग सामान्य माणसावर येत नव्हता. म्हणून घेरीचा प्रश्नही मोठा नव्हता.

हा प्रश्न उभा केला तो चष्म्याच्या दांड्यांनी. कानाला दोरा अडकवण्याचे प्रयोग आधी झाले होते. परंतु १७३० च्या सुमारास लंडनचा चष्मेवाला एडवर्ड स्कार्लेट दांड्यांचे चष्मे विकू लागला, आणि ती तऱ्हा रुळत गेली. दोन लहान दांड्यांनी केवढा फरक केला! चष्मा चेहऱ्यावर टिकू लागला, हात मोकळे झाले, आणि माणूस काचेसकट उठून चालू लागला. त्यानंतर गिरण्या आल्या, आगगाड्या आल्या, घड्याळाच्या काट्यावर काम आले. ज्या डोळ्याने पूर्वी दिवसातून घटकाभर काचेतून पाहिले असते, त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत काचेतून पाहणे भाग पडले. डोके हलत असताना काचेतून पाहणे, हे माणसाच्या शरीराला अगदी नवे काम होते.

या कामात शरीराला नेमके काय करावे लागते, हे कळण्यासाठी आधी घेरी कोठून येते ते कळायला हवे होते, आणि त्या बाबतीत वैद्यकशास्त्र दीर्घ काळ अंधारात होते. घेरी म्हणजे मेंदूत रक्त साचणे, अशी समजूत होती. म्हणून रोग्याचे रक्त काढीत, जळवा लावीत. बोहेमियाचा शास्त्रज्ञ पुर्किन्ये याने १८२० च्या सुमारास गरगर फिरवलेल्या माणसांचे डोळे कसे हलतात, याचे बारीक निरीक्षण केले. फ्रान्सच्या फ्लुराँ याने कबुतरांच्या आंतरकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. ज्या दिशेची नलिका कापली, त्याच दिशेने कबुतराचे डोके भेलकांडत राहिले. तरीही माणसाच्या घेरीशी याचा संबंध जोडण्यास १८६१ साल उजाडावे लागले. त्या साली पॅरिसमधील मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पेर मेनिएर यांनी असे मांडले की, चक्कर, कानात गुणगुण आणि बहिरेपणा ज्यांना एकदम येतो त्यांचा रोग मेंदूत नसून आंतरकर्णात आहे. पुढल्याच वर्षी ते वारले. त्या विकाराला त्यांचे नाव मिळाले.

मेनिएर यांच्यानंतर बारा-चौदा वर्षांतच माख, ब्रॉयर आणि क्रम ब्राऊन हे तिघे शास्त्रज्ञ निरनिराळ्या शहरांत स्वतंत्रपणे एकाच निष्कर्षाला आले. कानाच्या आत तीन नलिका आहेत, त्यांत द्रव आहे; डोके वळले की तो द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून शरीराला आपण किती वळलो ते कळते. यातील माख यांनी आगगाडीच्या वळणावर बाहेरची घरे व झाडे कललेली दिसतात, या साध्या अनुभवाचा विचार केला होता. घाटातून जाणाऱ्या एस.टी.त बसलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाने असे काहीतरी अनुभवले आहे; विचार मात्र माख यांनी केला.

आता एक प्रयोग प्रत्येकाने घरी करून पाहावा. वर्तमानपत्र हातात स्थिर धरून डोके भराभर डावी-उजवीकडे हलवा. अक्षरे वाचता येतात. मग डोके स्थिर ठेवून तेवढ्याच वेगाने कागद हलवा. अक्षरे पुसट होतात. असे का व्हावे? डोके जेवढे डावीकडे वळते, तेवढेच डोळे आपोआप उजवीकडे वळतात. हा हुकूम आंतरकर्णाकडून सुटतो आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात तो अमलात येतो. कागद हलतो तेव्हा मात्र कानाला काही कळत नाही, आणि डोळ्याला एकट्याने धावावे लागते. डोळा आणि कान यांच्यात जणू जन्मापासूनचा करार आहे. वळणाचे माप कानाने कळवायचे आणि डोळ्याने तेवढेच उलट वळायचे.

नवी काच या कराराचा दरच बदलते. अधिक नंबरची काच चित्र मोठे करते, उणे नंबरची लहान करते. अधिक ४ नंबरच्या काचेने चित्र सुमारे ५ टक्के मोठे दिसते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण डोके वळले की त्या मोठ्या झालेल्या चित्राला काचेच्या आत जास्त धावावे लागते, आणि कानाने जुन्या हिशेबाने दिलेला हुकूम अपुरा पडतो. राहिलेल्या फरकामुळे भिंती हलतात, पोटात ढवळते. ज्यांच्या चष्म्यात तिरक्या नंबराची, म्हणजे सिलिंडरची काच असते, त्यांची गत आणखी निराळी. ही काच इंग्रज ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांनी १८२५ साली आपल्या डाव्या डोळ्यासाठी करवून घेतली. हॉलंडचे डॉक्टर डाँडर्स यांनी १८६० नंतरच्या दशकात तिचा पद्धतशीर पाया घातला, तेव्हा ती सर्वसामान्य रोग्यापर्यंत पोचू लागली. ती एका दिशेने चित्र ताणते आणि दुसऱ्या दिशेने ताणीत नाही. म्हणून दाराची चौकट कलते आणि सपाट फरशी उतरती वाटते.

मग हा बिघडलेला हिशेब सुधारतो कसा? याचे नाट्यपूर्ण उत्तर कॅलिफोर्नियातील जॉर्ज स्ट्रॅटन यांनी दिले. १८९६ साली त्यांनी एका डोळ्यावर सारे जग उलटे दाखवणारी भिंगे बांधली, दुसरा डोळा झाकला आणि तीन दिवस तसे काढले. पहिल्या दिवशी पोटात ढवळले, हात भलतीकडे गेला. १८९७ साली त्यांनी हाच प्रयोग आठ दिवस केला आणि ८७ तास भिंगे वापरली. हळूहळू हालचाली बिनचूक होऊ लागल्या. भिंगे काढल्यावर, जे जग जन्मापासून ओळखीचे, तेच काही तास चमत्कारिक वाटले. म्हणजे शरीराने नवा हिशेब खरोखरच मांडून घेतला होता, आणि जुन्यावर परतण्यासही त्याला अवधी लागला. १९७० नंतरच्या दशकात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मेल्व्हिल जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उजवे-डावे उलटे करणारी भिंगे माणसांना काही आठवडे लावली आणि मग अंधारात त्यांच्या डोळ्यांची हालचाल मोजली. कानाकडून डोळ्याला जाणारा हुकूमच बदललेला आढळला. हा बदल घडवून आणण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा असतो, हे जपानच्या मासाओ इतो यांच्यासारख्या संशोधकांच्या कामातून पुढे आले.

येथे मुकादमाला उत्तर मिळते. आरंभीची घेरी हे शरीर नवा हिशेब शिकत असल्याचे लक्षण आहे. आणि घेरी खोटी की खरी हे पाहण्याचे साधनही शंभर वर्षांपूर्वीच हाती आले होते. व्हिएन्नाचे डॉक्टर रॉबर्ट बारानी यांनी असे पाहिले की, कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असले तर रोग्याला चक्कर येते आणि त्याचे डोळे झटके देऊन हलू लागतात. त्यावरून त्यांनी १९०६ च्या सुमारास आंतरकर्णाची परीक्षा ठरवली. या संशोधनासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती बातमी त्यांना रशियाच्या युद्धकैदेत कळली; ऑस्ट्रियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेले असता ते पकडले गेले होते. रोग्याच्या शब्दावर विश्वास नसला तरी त्याच्या डोळ्यांचे झटके कोणालाही दिसतात, असे त्यांनी दाखवून दिले.

ज्याचा आंतरकर्ण आधीच आजारी आहे, त्याची गोष्ट निराळी आहे. कानावर भरवसा उरला नाही की माणूस तोल सांभाळायला डोळ्यांवर अधिक भार टाकतो. आणि नेमके त्याच वेळी डोळ्यांसमोरची काच बदलली, तर त्याचा उरलेला आधारही डळमळतो. अशा माणसाला पडून राहावेसे वाटते, आणि पूर्वी वैद्यही तेच सांगत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी उलट मार्ग धरला. आधी बिछान्यातच डोळ्यांच्या हालचाली, मग डोक्याच्या, मग बसून, उभे राहून, चालून, अशा चढत्या क्रमाने त्यांनी चक्करेच्या रोग्यांकडून व्यायाम करून घेतले. लहान मेंदूला शिकायचे असेल तर त्याच्यापुढे चूक यावी लागते, आणि हालचालीवाचून चूक येत नाही, असे आज आपण त्याचे स्पष्टीकरण देऊ शकतो.

आता दुहेरी काचेकडे वळू. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ सालच्या एका पत्रात आपल्या दुहेरी चष्म्याचे कौतुक केले आहे. जेवताना खालच्या अर्ध्या काचेतून ताट दिसते आणि वरच्या अर्ध्यातून समोरच्यांचे चेहरे दिसतात. चेहरे दिसल्याने फ्रेंच बोलणेही अधिक समजते, असे ते म्हणतात. यातही गृहस्थ जेवायला बसलेला आहे! तोच चष्मा लावून जिना उतरू लागले की खाली पाहणारी नजर वाचनाच्या काचेतून जाते, आणि नेमकी पायरीच अस्पष्ट होते.

या दोन अर्ध्यांमधली रेघ पुसण्याचे काम फ्रान्समध्ये झाले, आणि त्याची हकीकत माझ्यासारख्याला विशेष प्रिय आहे. १८४८ च्या क्रांतीनंतर, १८४९ साली, पॅरिसच्या चष्माकारागिरांनी आपली बंधुभावाची सहकारी संस्था काढली. मालक नको, कारागीरच भागीदार, असा तिचा बाणा होता. पुढे ती वाढून 'एसेल' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्यातील अभियंता बर्नार मेतनाझ यांनी केलेली, वरून खाली हळूहळू नंबर चढत जाणारी 'व्हॅरिलक्स' ही काच १९५९ साली बाजारात आली. १९७२ साली ही संस्था दुसऱ्या एका कंपनीत मिळून 'एसिलोर' झाली. या काचेत दूरचे, मधले आणि जवळचे, तिन्ही दिसते. पण त्याची किंमत म्हणून खालच्या दोन्ही बाजूंना चित्र वाकते, आणि ते पूर्णपणे टाळता येत नाही. म्हणून ही काच पहिल्यांदा लावणाऱ्याला डोळे न फिरवता डोके फिरवायची सवय करावी लागते.

हे सारे केवळ गैरसोयीपुरते असते तर मी आपला वेळ घेतला नसता. २००७ साली ऑस्ट्रेलियातील सिडनी येथील एका चाचणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. सत्तरीच्या पुढची ६१६ अशक्त माणसे घेऊन, निम्म्यांची दृष्टी तपासून आवश्यक त्यांना नवे चष्मे व इतर उपचार दिले. नजर सुधारली की पडणे कमी होईल, ही अपेक्षा. वर्षभरात घडले ते उलट. उपचार मिळालेल्यांपैकी ६५ टक्के माणसे एकदा तरी पडली, न मिळालेल्यांपैकी ५० टक्के. नंबर बराच बदललेल्या चष्म्याची सवय व्हायला अशक्त वृद्धांना पुष्कळ अवधी लागत असावा, असे संशोधकांनी कारण सुचवले. म्हातारपणी मांडीचे हाड मोडणे म्हणजे काय, हे घरोघरी ठाऊक आहे.

यावरून चष्माच नको, असे कोणी म्हणेल तर तो अनर्थ होईल. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ कामगारांवर झालेली चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. ज्यांना जवळचे पाहण्याचे साधे चष्मे मोफत दिले, त्यांची पानांची खुडणी इतरांपेक्षा सुमारे २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. चष्म्याइतके स्वस्त आणि गुणकारी हत्यार कामगाराला क्वचितच मिळते. परंतु खुडणी वाढल्याचा लाभ मळ्यालाही होतो, कारखान्यालाही होतो. मग चष्म्याची सवय होण्याचे दिवस एकट्या कामगाराच्या अंगावर का पडावेत? १९४८ च्या कारखाने कायद्यात ३५ व्या कलमाने उडणारे कण आणि प्रखर प्रकाश यांपासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद केलेली होती. डोळ्याला इजा होऊ नये, हे त्या कलमाने पाहिले. डोळ्यावर काच चढल्यावर तोल सावरण्यास मुदत हवी, ही गोष्ट आपण मागायची आहे.

ती मुदत फार मोठी नाही. बहुतेकांना काही दिवस पुरतात, काहींना दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात नवा चष्मा सकाळी उठल्याबरोबर घरातच लावावा, जुना-नवा असा अदलाबदलीचा खेळ करू नये, जिना कठड्याला धरून उतरावा. शिडीवर चढणे, चालत्या पट्ट्याजवळचे काम, गाडी हाकणे, ही कामे त्या दिवसांत दुसऱ्याकडे द्यावीत. हे कामगाराने मागावे आणि मुकादमाने विनातक्रार द्यावे. घरात म्हातारे माणूस असेल तर नंबर एकदम फार न बदलता टप्प्याने बदलता येईल का, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारावे, आणि बाहेर चालण्यासाठी दूरच्या नंबराचा एक साधा चष्मा वेगळा करता येईल का, तेही विचारावे.

त्याचबरोबर "सवय होईल" या दोन शब्दांवर कोणी आपली बोळवण करीत असेल तर ती करून घेऊ नये. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही, चौकट वाकडी बसली, किंवा नंबरच चुकला, तर सवय कितीही केली तरी गरगरणे थांबत नाही. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर दुकानात परत जाऊन मापे पुन्हा घ्यायला लावावीत. तो ग्राहकाचा हक्क आहे. आणि कुशीवर वळताच खोली फिरत असेल, कानाने कमी ऐकू येत असेल, तर चष्म्याला दोष न देता कानाच्या डॉक्टरांकडे जावे. एकाचे दोन दिसणे, बोलणे अडखळणे, हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काही एकाएकी झाले तर तडक रुग्णालय गाठावे.

ही घेरी ओळखण्यास शास्त्राला सहाशे वर्षे लागली. ती ओळखून माणसाला दोन आठवड्यांची सवड देण्यास आपल्याला फार काळ लागू नये. आपल्या घरात, आपल्या कारखान्यात, आपल्या शेजारी कोणाचा चष्मा पेटीत पडून असेल, तर आज घरी गेल्यावर त्याची चौकशी करा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.